एसावची सही

मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळच्या मिस्सेला शेवटच्या बाकावर एक तरुण झोपी गेला. अंगात कंपनीचा निळा शर्ट, पायात सेफ्टी शूज, मांडीवर डब्याची पिशवी. प्रवचन संपले, आपण सारे उभे राहिलो, तो बसलेलाच. पुढच्या बाकावरची दोन मुले हसली. मला राग आला, हे कबूल करतो. मिस्सा संपल्यावर आवारात गाठून त्याला विचारले, तेव्हा तो ओशाळून म्हणाला, "काका, काल सकाळी सातला गेलो होतो. रिलीव्हर आलाच नाही. आज सातला सुटलो. घरी जाऊन आडवा झालो असतो तर उठलोच नसतो, म्हणून तसाच इकडे आलो."

म्हणजे सलग चोवीस तास.

"अरे, पण अशी जबरदस्ती कशी करतात?" मी म्हणालो.

"जबरदस्ती नाही काका. सही दिलीय आम्ही. जादा काम करायला तयार आहे म्हणून आम्हीच लिहून दिलंय."

हा मुलगा कंपनीचा कामगार नाही, ठेकेदाराचा आहे. त्याचे नाव मी येथे लिहिणार नाही. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असा एक मुलगा, भाऊ किंवा जावई आहेच. त्याचे ते वाक्य मात्र गेले काही आठवडे माझ्या डोक्यातून जात नाही. माणसाने स्वतः सही करून दिली, तर त्यापुढे अन्यायाची तक्रार उरते का?

बंधुभगिनींनो, या प्रश्नाचा विचार करताना मला सारखा एसाव आठवतो. उत्पत्तीच्या पंचविसाव्या अध्यायातील ती गोष्ट आपण लहानपणी शिकलो आहोत. एसाव रानातून दमून, भुकेने व्याकूळ होऊन येतो. याकोबाने मसुरीचे कालवण शिजवलेले असते. एसाव खायला मागतो. याकोब म्हणतो, आधी तुझा ज्येष्ठत्वाचा हक्क मला विकत दे. भुकेने मरायला टेकलेल्याला हक्क काय कामाचा, असे म्हणून एसाव तयार होतो. याकोब तेवढ्यावर थांबत नाही, शपथ घ्यायला लावतो. म्हणजे आजच्या भाषेत, सही घेतो.

धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्हांला एसावची चूक शिकवली गेली. त्याने क्षणाच्या भुकेपायी अमोल वस्तू घालवली, आणि इब्री लोकांस पत्रातही त्याला तसाच दोष दिलेला आहे. तो दोष खराच. पण आता या वयात मला दुसरा प्रश्न पडतो. भांड्यात कालवण होते, समोर सख्खा भाऊ भुकेला होता, आणि याकोबाला त्या क्षणी सौदा सुचला. सही खरी होती, शपथ खरी होती, कोणी एसावचा हात धरला नव्हता. तरीही ती गोष्ट वाचताना आपण अस्वस्थ होतो. का होतो?

मला हा प्रश्न पडण्याचे कारण असे की मी काही वर्षे याकोबाच्या बाजूच्या टेबलावर बसलेलो आहे. निवृत्त होईपर्यंत मी या पट्ट्यातील एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात होतो. ठेकेदाराची नवीन माणसे आली की गेटपास करण्यापूर्वी त्यांच्याकडून कागदांचा एक गठ्ठा भरून घ्यायचा. फोटो, पीएफचा फॉर्म, वारसाचे नाव, सुरक्षेच्या सूचना मिळाल्याची पोच, आणि त्यांतच एक इंग्रजी कागद. मी स्वखुशीने, गरज पडेल तेव्हा, ठरलेल्या वेळेपेक्षा जादा काम करण्यास तयार आहे. तो कागद कोणी वाचत नसे. वाचता येत नसे, असे म्हणणे जास्त खरे होईल. एकदा एका माणसाने बोट ठेवून विचारले, "साहेब, यात काय लिहिलंय? सही नाही केली तर?" मी त्याला म्हणालो, "लवकर कर, मागे लाइन आहे."

मी खोटे बोललो नाही. लाइन होतीच. पण तेव्हा मला कळले नव्हते की त्याच्या प्रश्नाचे पुरेपूर उत्तर मी त्या तीन शब्दांत देऊन टाकले होते. मागे लाइन आहे. तू नाही केलीस तर मागचा करील. आणि मागच्यालाही हेच सांगितले जाईल.

शिळफाट्याला सकाळी साडेसहाला उभे राहिले की ती लाइन डोळ्यांनी दिसते. (मुंब्र्याजवळचा तो शिळफाटा वेगळा, मी आपल्या खोपोलीच्या शिळफाट्याबद्दल बोलतो आहे.) जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला कोणी कंपनीच्या बसची वाट पाहतो, कोणी ठेकेदाराच्या गाडीची, आणि कोणी नुसताच उभा असतो, आज कोणी कमी पडला तर आपला नंबर लागेल या आशेने. खोपोलीत १९१५ साली टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. त्यानंतर शंभर वर्षांत येथे पोलाद आले, पाइप आले, रसायने आली. एक काळ असा होता की कंपनीत चिकटला म्हणजे मुलगा मार्गी लागला असे आपण समजत असू. आता कंपनी तीच, गेट तेच, पण आत जाणाऱ्यांत ठेकेदाराची माणसे किती, हे ज्याने त्याने आपल्या घरावरून मोजावे.

या बाबतीत कायदा काय सांगतो, ते थोडक्यात पाहू. १९४८ च्या कारखाने कायद्याने प्रौढ कामगाराला आठवड्याला ४८ तास आणि दिवसाला ९ तास ही मर्यादा घातली, आठवड्यातून एक सुट्टी दिली, आणि जादा तासांना दुप्पट दर ठरवला. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाची मर्यादा ९ वरून १२ तासांवर नेण्यास आणि तिमाहीतील ओव्हरटाइम ११५ वरून १४४ तासांपर्यंत वाढवण्यास मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास कायम राहतील आणि जादा कामासाठी कामगाराची लेखी संमती लागेल, असे तेव्हा सांगण्यात आले. पुढे २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांतही दिवसाचे आठ तास, आठवड्याचे जास्तीत जास्त सहा दिवस, आणि त्यापुढील कामाला कामगाराची संमती व दुप्पट वेतन, असेच आहे.

'संमती' हा शब्द दोन्हीकडे आला आहे. ज्यांनी तो घातला त्यांनी कामगाराच्या रक्षणासाठीच घातला असेल. पण तो इंग्रजी कागद हाताळलेला मी, माझ्या मनात येते की ज्या दाराला संमतीचे कुलूप लावले आहे, त्याची किल्ली लाइनीतल्या शेवटच्या माणसाच्या खिशात असते.

आता हिशेब पाहा. रोज चार तास जादा, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे १०४ तास. तिमाहीचे ३१२. कायद्यातील जुनी मर्यादा ११५, नवी १४४. मग हे तास जातात कुठे? मस्टरवर ते नसतात. कधी एकच माणूस एकाच ठेकेदाराकडून आठ तास एका कंपनीत आणि पुढचे आठ तास दुसऱ्या कंपनीत जातो. दोन्ही मस्टर स्वच्छ. बेरीज फक्त त्याच्या पाठीत होते. आणि पैसे? समजा आठ तासांची मजुरी ६०० रुपये आहे. म्हणजे तासाला ७५. चार तासांचे दुप्पट दराने ६०० व्हायला हवेत. पण ठेकेदाराच्या माणसाला पुष्कळदा ओटी सिंगल रेटने मिळते, म्हणजे ३००. २६ दिवसांचा फरक ७,८०० रुपये. तेवढ्यात एका मुलाची वर्षाची फी भरता येईल. संमती दिली होती ती जादा कामाला. निम्म्या दराला संमती केव्हा दिली, हे त्या मुलालाही सांगता येत नाही.

येथे कोणी म्हणेल, आणि माझ्या घरातच हे म्हटले गेले, की बाबा, तुम्ही पेन्शन खाऊन बोलता. त्या मुलालाच जादा काम हवे आहे. त्याच्या डोक्यावर गाडीचा हप्ता आहे, बहिणीचे लग्न आहे. त्याला बारा तास नको म्हणणारे तुम्ही कोण? तो प्रौढ आहे. स्वतःच्या घामाचा मालक तोच ना?

हा आक्षेप हलका नाही. मी त्या मुलालाच पुन्हा भेटून विचारले. तो म्हणाला, "काका, आठ तासांत भागत नाही. मला ओटी बंद झालेली नकोय." मी गप्प बसलो. थोड्या वेळाने तोच पुढे म्हणाला, "पण आठ तासांत भागलं असतं ना, तर मी एक दिवसही थांबलो नसतो."

ही दोन्ही वाक्ये खरी आहेत. पहिले वाक्य कागदावर येते, कारण त्यावर सही घेता येते. दुसऱ्यासाठी फॉर्म नाही.

याच मुद्द्यावर आपल्या ख्रिस्तसभेने फार पूर्वी विचार केला आहे. १५ मे १८९१ रोजी पोप तेरावे लिओ यांनी 'रेरूम नोवारूम' हे परिपत्रक प्रसिद्ध केले. मालक आणि मजूर यांनी आपखुशीने करार करावा, हे त्यांना मान्य आहे. पण ते म्हणतात की कराराच्याही वर एक नैसर्गिक न्याय आहे, आणि गरजेपोटी किंवा आणखी वाईट होईल या भीतीने मजुराने कठोर अटी पत्करल्या, तर त्याने होकार दिला असला तरी तो बळजबरीचाच बळी असतो. एसावच्या कालवणाचा उल्लेख त्यात नाही, पण विचार तोच. २०२५ च्या मे महिन्यात निवडून आलेल्या पोप महोदयांनी लिओ हेच नाव घेतले, ते या परिपत्रकाची आठवण ठेवून, हे आपण वाचले आहेच.

आपल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९८२ साली, एशियाड खेळांसाठी दिल्लीत बांधकामे करणाऱ्या मजुरांच्या खटल्यात, असेच म्हटले. न्यायमूर्ती भगवती यांच्या निकालानुसार किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर भुकेपोटी काम करणे म्हणजे राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमाने मना केलेली वेठबिगारीच होय. जबरदस्ती फक्त काठीनेच होते असे नाही, ती परिस्थितीनेही होते. दुप्पट दराने, मर्यादेत केलेला ओव्हरटाइम वेठबिगारी ठरत नाही, हे मला कळते. पण भूक हीसुद्धा जबरदस्ती असू शकते, एवढे न्यायालयाने मान्य केले. कर्जत-खालापूरच्या वाड्यांतून दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबांना हे सांगावे लागणार नाही. त्यांच्या अंगठ्याची आणि आपल्या मुलांच्या सहीची जात एकच आहे. शाई तेवढी वेगळी.

रविवारचीही थोडी आठवण करू. आपल्याला वाटते की रविवारची सुट्टी ही आपल्या धर्माची देणगी. इंग्रज साहेबाला ती होतीच. पण मुंबईच्या गिरणी कामगाराला ती मिळवून दिली नारायण मेघाजी लोखंडे यांनी, महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक सहकाऱ्याने. १८८४ साली त्यांनी मिलहँड्स असोसिएशन स्थापन केली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे ठेवले. मागण्यांत पहिलीच होती आठवड्याची सुट्टी. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली, पोप लिओंच्या परिपत्रकाच्या अकरा महिने आधी. रविवार हा खंडोबाचाही वार. ज्यांच्या लढ्यामुळे आपल्या कामगारांना आज मिस्सेला यायला दिवस मोकळा मिळतो, त्यांचे नाव आपल्या वेदीवरून कधी घेतलेले मी ऐकलेले नाही.

त्या साडेपाच हजार सह्यांबद्दल एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्याही सह्याच होत्या. पण तेथे प्रत्येक माणूस एकेकटा टेबलापुढे उभा नव्हता. मागची लाइन त्याच्या विरुद्ध नव्हती, त्याच्या बाजूची होती. माझ्या टेबलावर एकेकाला वेगळे करून कागद पुढे सरकवला जाई. मर्यादा मोडायला एकेकट्याची सही पुरते. मर्यादा घालून घ्यायला साडेपाच हजार लागल्या. म्हणूनच एकाचा होकार हा फक्त त्याचा खाजगी मामला राहत नाही. दहा जणांनी बारा तासांना हो म्हटले की अकराव्याचा नकार म्हणजे कामचुकारपणा ठरतो. ज्याच्या घरी आजारी आई आहे, जी बाई सहा वाजता पाळणाघरातून मूल घेणार आहे, त्यांच्यासाठी ४८ तासांची ती भिंत होती. धट्ट्याकट्ट्याने आपल्या सोयीसाठी तिची एक वीट काढली, की वारा त्यांच्या घरात शिरतो.

विलायतेत हीच गोष्ट आणखी नीटनेटकी करून ठेवली आहे. तेथे १९९८ पासून आठवड्याचे सरासरी ४८ तास ही मर्यादा आहे, पण कामगाराने लेखी दिले तर ती त्याला लागू होत नाही. स्विंडनसारख्या गावी पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेले आपले गोव्याचे कितीतरी बंधू एजन्सीमार्फत गोदामांत कामाला लागले. त्यांच्यापुढेही नावनोंदणीच्या कागदांत हा कागद येऊ शकतो. एक बरे आहे, तेथे दिलेली संमती सात दिवसांच्या, किंवा करारात तसे असेल तर जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या नोटिशीने मागे घेता येते, आणि सही नाकारली म्हणून त्रास देणे बेकायदा आहे. पण एजन्सीच्या माणसाला काढून टाकावे लागतच नाही. त्याचा फोन वाजेनासा होतो, एवढेच. फोन का वाजला नाही, याचा पुरावा कोण आणणार?

आपल्या धर्मग्रंथात विश्रांतीची आज्ञा कशी दिली आहे ते पाहिले, तेव्हा मी चकित झालो. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात शब्बाथाची आज्ञा मालकाला उद्देशून आहे. तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, तुझा बैल, गाढव, तुझ्या गावात राहणारा परका; सगळ्यांनी थांबायचे, का, तर तूही एकदा मिसर देशात दास होतास. दासाला विचारलेलेच नाही की तुला विश्रांती हवी का. मी पूर्वी याला दासाचा अनादर समजत असे. आता उलटे वाटते. त्याला विचारले असते तर मालकाच्या देखत तो काय बोलला असता?

आणि निर्गमाच्या सोळाव्या अध्यायातील मान्ना आठवा. सहाव्या दिवशी देवाने दुप्पट दिला, म्हणून सातव्या दिवशी लोकांना बसता आले. देवाने नुसते थांबा म्हटले नाही, थांबता येईल एवढे आधी पुरवले. आम्ही टाइम ऑफिसवाले ज्याला डबल रेट म्हणतो, त्याचा उगम मला तेथे दिसतो. नुसती तासांची मर्यादा घालून मजुरी तीच ठेवली, तर तो मुलगा दुसरे गेट शोधणारच.

हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही. आमच्या सोसायटीत चाळीस फ्लॅट आहेत आणि दोन वॉचमन, दिवसाचा एक, रात्रीचा एक, बारा-बारा तास. दोघेही एजन्सीचे. करारावर खजिनदार म्हणून सही माझी आहे. त्या करारात तासांचा उल्लेख नाही. एजन्सी पाहून घेईल असे आम्ही धरून चाललो. १९८१ च्या 'लाबोरेम एक्झरसेन्स' या परिपत्रकात पोप दुसरे जॉन पॉल यांनी 'अप्रत्यक्ष मालक' असा शब्द वापरला आहे. प्रत्यक्ष पगार देणारा एक असतो, पण कामाच्या अटी ज्यांच्यामुळे ठरतात त्या व्यक्ती, संस्था, व्यवहार हेही जबाबदारीत येतात. मूळ अर्थ बराच व्यापक आहे. पण चाळीस फ्लॅटधारक त्यात बसत नाहीत, असे म्हणायला मला जागा सापडली नाही.

गेल्या सभेत मी प्रस्ताव ठेवला की तीन वॉचमन, आठ-आठ तासांचे नेमू या. तिसऱ्याचे एजन्सी १८,००० रुपये सांगते. म्हणजे फ्लॅटमागे महिना ४५० रुपये. आवाज वाढले. एका गृहस्थाने सुचवले की वॉचमनलाच विचारा. त्याला बोलावले. तो हात जोडून म्हणाला, "साहेब, बारा तासांचं काही नाही, सवय आहे."

सभेतील सर्वांना हायसे वाटले. नंतर खाली गेटवर मी एकटाच असताना त्याने विचारले, "साहेब, आठ तास केले तर पगार आठ तासांचाच करणार ना? मग मला दुसरीकडे अर्धी ड्यूटी धरावी लागेल." मी म्हणालो, पगार कमी होणार नाही, असा ठरावच आहे. तो म्हणाला, "मग वर कशाला विचारलंत मला?"

सभा कोरमअभावी पुढे ढकलली आहे. येत्या दुसऱ्या रविवारी, सकाळच्या मिस्सेनंतर, अकरा वाजता. विषयपत्रिकेवर हा विषय शेवटून दुसरा आहे, पाण्याच्या टाकीच्या नंतर. आमच्या सोसायटीत या धर्मग्रामातील सात कुटुंबे राहतात. सातही घरांतून कोणीतरी यावे, आणि सभेच्या आधी वॉचमनला पुन्हा वर बोलावू नये, एवढी विनंती मी त्यांना स्वतः भेटून केली आहे.